डॉक्टर केसपेपर देत नाहीत, डिस्चार्ज कार्डही चुकीचं. काय करता येईल?

आधी भांडू नका, कागद हातात घ्या. इनडोअर केसपेपर, ऑपरेशन नोट्स, नर्सिंग चार्ट, सगळ्यांच्या झेरॉक्सचा लेखी अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. मेडिकल कौन्सिलच्या 2002च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. अर्जच घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

माझ्या मावशीच्या कार्डावर डाव्याऐवजी उजवा गुडघा लिहिला होता. रिसेप्शनवरची बाई पेन काढून तिथेच खाडाखोड करायला निघाली! करू देऊ नका. आधी मूळ कार्डाचा फोटो काढा, मग तारीख-सहीसह दुरुस्ती मागा.

नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. 1995च्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. मुदत 2 वर्षं, आणि भरलेलं बिल 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. (सगळ्यांनाच मोफत असलेल्या सरकारी दवाखान्याला हा मार्ग लागू नाही.) डॉक्टरवरच कारवाई हवी तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, तिथे पैसे मिळत नाहीत, पण नोंदणी निलंबित होऊ शकते.

पोलिसांत लगेच धावू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि त्यावर आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत. ते मत ग्राहक आयोगातही कामी येतं, म्हणून रेकॉर्ड मिळताच त्याच विषयातल्या बाहेरच्या डॉक्टरला दाखवा.