सासरचे म्हणतात आपण कर्नल पीटर जेफरसनचे वंशज. ही वंशावळ खरी आहे का, हे कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंकडे छापील वंशवृक्ष आहे, त्यात सर्वांत वर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचे वडील पीटर आहेत, आणि मुलाला देण्याआधी तो पडताळून घ्यायचाय. त्यासाठी डीएनए चाचणी करावी का? हे वाचून राहवलं नाही. अगदी तसाच वंशवृक्ष माझ्या व्याह्यांच्या जेवणघरात लावलेला आहे, आणि त्यावरून आमच्यात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आधी डीएनएचं. त्या चाचणीवर पैसे घालवू नका. पीटरचा जन्म 1708 चा. तुमच्या मिस्टरांपर्यंत सात-आठ पिढ्या सहज होतात. इतक्या लांबच्या पूर्वजाचा अंश इतका थोडा उरतो की दोन खरे वंशज असले तरी त्यांचं काहीच न जुळणं शक्य असतं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं खरं, पण मधे एक जरी मुलगी आली तरी ती वाट बंद. तुमच्या सासरचं नातं पीटरच्या मुलीकडून असेल तर त्या चाचणीचा काही उपयोग नाही.

कागद बघा. मिस्टरांपासून मागे मागे जा, वरून खाली येऊ नका. वरून खाली येणारा माणूस मोठ्या नावाला आपलं नाव कुठेतरी चिकटवतोच. प्रत्येक पायरीला जन्म, लग्न, मृत्युपत्र, जमिनीचं खत यांपैकी काहीतरी हवं. काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांच्या, सीमा बदलत गेल्या हेही ध्यानात ठेवा. 1743 मध्ये थॉमस जन्मला तेव्हा पीटरचा शॅडवेल हा मळा गूचलंड काउंटीत होता, आल्बेमार्ल 1744 मध्ये वेगळी झाली. चुकीच्या काउंटीत शोधलं तर माणूस मिळत नाही आणि लोक म्हणतात कागद जळाले. कागद जळालेही आहेत म्हणा, खुद्द शॅडवेलचं घर 1770 मध्ये आगीत गेलं. पण मृत्युपत्रं कोर्टात नोंदलेली असायची, ती घरासोबत जळत नाहीत.

‘कर्नल’ या शब्दाला भुलू नका. पीटर तंबाखूच्या मळ्यांचा मालक आणि उत्तम भूमापक. जोशुआ फ्रायबरोबर त्याने व्हर्जिनियाचा 1751 चा प्रसिद्ध नकाशा केला. कर्नल तो काउंटीच्या मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेचा, प्रमुख म्हणून होता, आणि असलं पद तेव्हा काउंटीतल्या वजनदार मळेवाल्याकडेच जायचं. तिथल्या जुन्या घराण्यांत असे कर्नल आणि कॅप्टन खंडीभर सापडतात. पीटरचे वडील थॉमस हे कॅप्टन, आजोबाही थॉमस, मुलगा तर थॉमस आहेच. तारीख न बघता नाव जुळवलं की वंशवृक्षात गोंधळ झालाच म्हणून समजा.

अजून एक. सासरचं आडनाव जेफरसन असेल आणि ते थॉमसच्या ‘लग्नाच्या’ मुलाकडून आलंय असं कोणी सांगत असेल तर ते सरळ चूक आहे. थॉमसच्या बायकोपासून, मार्था वेल्सपासून, झालेल्या मुलांपैकी मोठ्या झाल्या त्या दोन मुलीच, मार्था आणि मारिया. एक रँडॉल्फांकडे गेली, दुसरी एप्सांकडे.

आता व्याह्यांचं सांगते. लेकीच्या साखरपुड्याच्या जेवणाला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. भिंतीवर काचेच्या चौकटीत तो वृक्ष: मधोमध पीटर, बाजूला बायको जेन रँडॉल्फ, फांद्यांवर थॉमस आणि बाकीची भावंडं. व्याही हौसेने एकेक नाव दाखवत होते. थॉमसच्या फांदीला मुलं म्हणून फक्त त्या दोन मुली. मी विचारलं, त्याच्या घरातल्या गुलाम सॅली हेमिंग्जपासून त्याला झालेली मुलं कुठे आहेत? बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन, एस्टन? विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. व्याही म्हणाले, ती अफवा आहे, ती मुलं थॉमसच्या भाच्यांची, कार बंधूंची. मी म्हटलं, कार बंधूंचा मुद्दा 1998 च्या डीएनए चाचणीतच निकालात निघाला. पीटरचा भाऊ फील्ड, त्याच्या पुरुषवंशातल्यांचं वाय गुणसूत्र एस्टनच्या पुरुषवंशातल्या वंशजाशी जुळलं, कारांचं जुळलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "असेल, पण गुलामांची नावं वंशावळीत कोण घालतं?"

हे वाक्य मला आजही खुपतं. जरा नातं लावून बघा. सॅलीचे वडील जॉन वेल्स, म्हणजे मार्था जेफरसनचेच वडील. आई वेगळी, एलिझाबेथ हेमिंग्ज, ती गुलाम. म्हणजे सॅली ही मार्थाची सावत्र बहीण. 1787 मध्ये छोट्या मारियाला पॅरिसला बापाकडे पाठवलं तेव्हा तिची दाई म्हणून सोबत गेली ती चौदा वर्षांची सॅली, आणि नात्याने ती त्या पोरीची मावशी होती. पुढे मारियाने लग्न केलं ते जॉन वेल्स एप्सशी, तोही तिच्या आईच्या सावत्र बहिणीचा मुलगा. आपल्याकडे मावसभावाशी लग्न कोणी ऐकूनही घेणार नाही, पण व्याह्यांच्या वृक्षात ते लग्न सोनेरी अक्षरांत आहे. एक सावत्र बहीण चालते, दुसरी चालत नाही.

लेक मला घरी आल्यावर म्हणाली, "आई, पहिल्याच भेटीत काय गरज होती?" गरज होती. मॅडिसन हेमिंग्जने 1873 मध्ये ओहायोतल्या वर्तमानपत्रात स्वतः सांगितलंय की आपला बाप थॉमस जेफरसन. एस्टन विस्कॉन्सिनला गेला, जेफरसन आडनाव लावलं, आणि त्याचा मुलगा जॉन वेल्स जेफरसन अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात कर्नल झाला. खऱ्या लढाईतला कर्नल. घराण्यातल्या कर्नलांचा अभिमान असेल तर हा का नको?

एक मान्य करायला हवं. त्या 1998 च्या चाचणीवरून नेमका कोणता जेफरसन हे ठरत नाही, थॉमसचा धाकटा भाऊ रँडॉल्फ आणि त्याची मुलं यांचंही गुणसूत्र तेच. थॉमसचं नाव ठरतं ते मॅडिसनच्या जबानीवरून, आणि सॅलीला दिवस गेले त्या प्रत्येक वेळी तो माँटिसेलोला, म्हणजे आपल्या मळ्यावरच्या घरी, होता यावरून. माँटिसेलो चालवणाऱ्या संस्थेनेही 2000 मध्ये हाच निष्कर्ष काढला. शिवाय तुमच्या सासरची शाखा थॉमसकडून नसून पीटरच्या एखाद्या मुलीकडून असेल तर सॅलीशी तिचा थेट संबंध येणारही नाही.

तरी गुलाम आहेतच. 1757 च्या मृत्युपत्रात पीटरने थॉमसला पुस्तकं, गणिताची उपकरणं, चेरीच्या लाकडाचं लिहायचं मेज दिलं, आणि त्याच ओळीत सॉनी नावाचा माणूस दिला. मेजासारखाच. पीटरकडे असे साठाहून अधिक जण होते. आडनावं बहुतेकांची नोंदलेलीच नाहीत. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या शिरगणतीत तर मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग आणि रंग. बहुतेकांची नावं थेट 1870 च्या शिरगणतीत येतात. आज त्यांचा कोणी वंशज आपल्या पणजोबांच्या मागे जाऊ बघतो तेव्हा त्याला मळेवाल्याचेच कागद चाळावे लागतात. तुमच्या सासूबाईंच्या कपाटात जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या असतील तर त्यातलं एखादं नाव कोणाची तरी अडलेली वाट मोकळी करू शकतं. त्या वह्या रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात दाखवा, निदान फोटो तरी काढून ठेवा.

मृत्युपत्राची नक्कल मागवाल तेव्हा सोबत मालमत्तेची यादीही मागवा, आणि दोन्ही शेवटपर्यंत वाचा. मुलाच्या तक्त्यात सासरच्या प्रत्येक मळेवाल्याखाली त्या यादीतली माणसंही लिहा, सासूबाई नको म्हणाल्या तरी. माझ्या नातवाच्या शाळेच्या तक्त्यासाठी लेकीने व्याह्यांचाच वृक्ष जसाच्या तसा उतरवून दिला, आणि त्याबद्दल मी तिला अजून बोलते.