बाबा, मी मागे वळतेय

पावसाळा तोंडावर आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी कॉलेजला जाऊ लागलेली असते, वाटेत दरवर्षी पाणी भरणारा भाग असतो, बस सगळ्यात आधी बंद पडतात. मग आईवडील विचारतात, "पहिली गाडी घेऊन द्यावी का? कोणती द्यावी?" मी समुपदेशक आहे, गाड्यांची जाणकार नाही. तरी हा प्रश्न माझ्यापर्यंत पोचतो, कारण तोवर त्यावरून घरात अबोला झालेला असतो. अशाच एका घराबद्दल, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहिते आहे.

तिघं एकत्र आले होते. बाबांच्या हातात फाइल, त्यात चार एसयूव्ही गाड्यांची तुलना, ग्राउंड क्लिअरन्सच्या, म्हणजे गाडीचा तळ जमिनीपासून किती वर आहे त्याच्या, आकड्यांवर पिवळी रेघ. "मॅडम, उंच गाडी घेतली की काळजी मिटली." आई म्हणाल्या, "मला गाडीच नकोय. पाऊस असला की तिनं घरी बसावं." मुलगी एकोणीस वर्षांची, लायसन्स मिळून चारच महिने झालेले. तिला छोटी, जुनी हॅचबॅक हवी होती आणि शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे त्यात घालायची तिची तयारी होती. हे मला फोनवर आधी कळलं होतं. समोर बसल्यावर मात्र ती गप्प होती, बॅगेची चेन उघडत होती, लावत होती.

मी पहिला प्रश्न विचारला, "गाडी रात्री कुठे उभी राहणार?" बाबा म्हणाले, "इमारतीच्या तळघरात." आणि बोलता बोलता थांबले. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याच तळघरात छातीपर्यंत पाणी आलं होतं. पुरात किती तरी गाड्या रस्त्यावर न जाता, उभ्या जागीच बुडतात. मॉडेल ठरवण्याआधी जवळपास चढावरची एखादी जागा शोधा, असं मी त्यांना सांगितलं. पावसाळ्यापुरती का होईना.

बाबा आकड्यांत रमणारे, म्हणून मी वही पुढे ओढली. छोटी गाडी साधारण 1000 किलोची, तिचा तळ सुमारे 6 चौरस मीटर. आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारलं की गाडी तरंगायला लागते. 1000 किलो म्हणजे 1000 लिटर, आणि 6 चौरस मीटरवर 1000 लिटर पसरलं की उंची होते जेमतेम 17 सेंटिमीटर. तळ जमिनीपासून 17 सेंटिमीटर वर धरला तर 34 सेंटिमीटर पाण्यात ती उचलली जाते. आता त्यांची एसयूव्ही. वजन 1700 किलो, तळ 8 चौरस मीटर, जमिनीपासून उंची 21 सेंटिमीटर. तिचं उत्तर येतं सुमारे 42. हिशोब ढोबळ आहे, गाडीत पाणी शिरू लागलं की तो बदलतो. शिवाय पाणी वाहतं असेल तर उचलली जाण्याच्या कितीतरी आधी गाडी बाजूला ढकलली जाते, आणि 60 सेंटिमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, एसयूव्हीसुद्धा.

फरक 8 सेंटिमीटरचा निघाला. मी वहीवर चार बोटं आडवी ठेवली. बाबा त्या बोटांकडे बघत राहिले.

मला उंच गाडीची भीती वाटते ती इथे. छोट्या गाडीचा माणूस ज्या पाण्यापाशी ब्रेक लावतो, तिथे उंच गाडीतला नवखा चालक "आपली जाईल" म्हणून आत घालतो. चार बोटांचा फायदा तो तिथेच खर्चून टाकतो.

तेवढ्यात आई हळूच म्हणाल्या, "तेव्हाही गाडीचा प्रश्न नव्हताच."

मुलगी आठ वर्षांची असताना आई तिला क्लासवरून घरी आणत होत्या. वाटेतल्या भुयारी मार्गात पाणी होतं. गाडी मध्यावर बंद पडली, पाणी आत येऊ लागलं, काचेचं बटण चालेना. दोन अनोळखी माणसांनी दार ओढून दोघींना बाहेर काढलं. हे सांगताना आईंचा आवाज अगदी सपाट होता. आणि मग इतका वेळ गप्प असलेली मुलगी बोलली.

"त्याआधी आईनं बाबाला फोन केला होता. स्पीकरवर होता. आई म्हणाली, पुढे पाणी दिसतंय, थांबू का? बाबा म्हणाला, सगळ्यांच्या गाड्या जातायत ना, मग ये की."

अकरा वर्षं हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. बाबांनी फाइल मिटून मांडीवर ठेवली. म्हणाले, "मला रोज आठवतं ते."

पुढची दोन सत्रं आईबाबांची झाली. त्याबद्दल इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा विचारलं, "पाणी दिसलं तर तू काय करशील?" ती प्रामाणिकपणे म्हणाली, "बहुतेक जाईन. प्रॅक्टिकल चुकलं तर परत देत नाहीत. आणि थांबले तर घरी काय सांगू? आई म्हणेल, बघ, म्हणूनच नको होती गाडी. बाबा म्हणेल, एवढ्याशा पाण्याला घाबरलीस?" मुलं पाण्यात गाडी घालतात त्यामागे धाडस असतं असं आपण धरून चालतो. माझ्यासमोर बसलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना पाण्यापेक्षा घरच्या फोनची धास्ती जास्त असते.

मी तिला माझ्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये अर्धा दिवस पाठवलं. परत आली ती कागदात गुंडाळलेला एक पोलादी दांडा घेऊन. कनेक्टिंग रॉड, म्हणजे इंजिनात पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा दुवा. तिनं तो टेबलावर ठेवला. वीतभर लांब, ग्रीसनं काळपट, आणि मध्यावर स्पष्ट वाकलेला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, हे वाक्य शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. इंजिननं हवेऐवजी पाणी ओढलं की पिस्टन वर येताना त्या पाण्यावर आदळतो, आणि हा दांडा वाकतो. मेकॅनिकनं तिला सांगितलं होतं की हा दांडा ज्या गाडीचा, ती पाण्यात नुसती बंद पडली होती, मालकानं पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला म्हणून इंजिन गेलं. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायचा प्रयत्न करायचाच नाही, हे त्या दिवसापासून तिला कुणी बजावून सांगायची गरज उरली नाही. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा आणखी कमी असते, त्यामुळे तिथे थोडं पाणीही पुरतं.

तिथून ती आणखी एक गोष्ट शिकून आली, जी बाबांच्या फाइलमध्ये नव्हती. बॉनेट उघडायचं, एअर फिल्टरपासून निघणारी, इंजिनासाठी बाहेरची हवा ओढणारी नळी पकडायची आणि तिचं तोंड कुठे आहे ते शोधायचं. कुठे ते जाळीच्या मागे वरच्या बाजूला असतं, कुठे बंपरजवळ खाली. गाडी दिसायला उंच आणि नळीचं तोंड खाली, असंही असतं. तिनं पाहिलेल्या प्रत्येक गाडीत त्या तोंडाचं जमिनीपासूनचं अंतर टेपनं मोजून वहीत लिहिलं. इलेक्ट्रिक गाडीला ही नळी नसते, बॅटरीही बहुधा सीलबंद असते. पण तरंगणं आणि वाहून जाणं तिलाही चुकत नाही, आणि पाण्यातून निघालेली बॅटरी तपासल्याशिवाय चार्जिंगला लावणं धोक्याचं.

जुनी गाडी घ्यायची तर पुरात बुडालेली गाडी गळ्यात पडण्याचा धोका मोठा. धुऊन, पुसून, भरपूर सुगंध मारून त्या विकायला येतात. तिनं एका चकचकीत गाडीचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून पाहिला. कधीच बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्टीवर मातकट रेघ होती. मग स्टेपनीच्या खळग्यात हात घातला तर बोटांना बारीक गाळ लागला. सीटखालचे बोल्ट गंजलेले, हेडलाइटच्या आत धुकं, गालिचाखाली कुबट वास, या खुणाही बघायच्या असतात. पण मला त्या सीटबेल्टइतकी पक्की दुसरी खूण ठाऊक नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आम्ही एका फोनवर घालवला. बाबा खोलीच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. तिनं म्हणायचं, "बाबा, पाणी आहे, मी मागे वळतेय." बाबांनी उत्तर द्यायचं. पहिल्यांदा ते म्हणाले, "किती आहे?" दुसऱ्यांदा, "बाकीचे जातायत का?" आणि स्वतःच कपाळाला हात लावला. सहाव्या-सातव्या खेपेला जमलं: "बरं. कुठे थांबतेस?" मोठ्या माणसाला हे तीन शब्द शिकायला किती कष्ट पडतात ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

मग कोरड्या दिवशी, घरी बसून त्यांनी ठरवलं. रस्त्याची कड किंवा पांढरा पट्टा दिसेनासा झाला की वळायचं. वाहत्या पाण्यात एक चाकही घालायचं नाही. भुयारी मार्ग पावसात घ्यायचाच नाही, लांबचा पडला तरी दुसरा रस्ता. थांबायच्या दोन जागा नक्की, एक मैत्रिणीचं घर, एक कॉलेजचं वाचनालय. प्रॅक्टिकल चुकलं तर विभागप्रमुखांशी आई बोलणार. हे शेवटचं कलम आईंनीच घातलं.

पाण्यात अडकलीच तर आधी काचा खाली, मग सीटबेल्ट सोडायचा आणि पाणी कमी आहे तोवर बाहेर. दाराबाहेर अर्धा मीटर पाणी चढलं की मीटरभर रुंद दारावर सुमारे सव्वाशे किलोचा भार येतो, एकोणीस वर्षांची मुलगी तो ढकलू शकत नाही. काच फोडायची हातोडी चालकाच्या हाताशी हवी, डिकीत नको. पुढची काच फुटून मोकळी होत नाही, बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायचं. काही नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही दुपदरी असतात, ते काचेवरच्या छोट्या शिक्क्यावर आधीच वाचून ठेवावं.

शेवटी घेतली ती सहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, एबीएस आणि एअरबॅग असलेली, नळीचं तोंड वर असलेली. विमा घेताना मी एकच आग्रह धरला. फक्त थर्ड पार्टी विमा स्वतःच्या बुडालेल्या गाडीला उपयोगाचा नाही, आणि सर्वसमावेशक विम्यातही पाण्यानं बिघडलेलं इंजिन धरलं आहे का, हे लेखी विचारून घ्या.

पहिल्या मोठ्या पावसात तिनं बाबांना फोन केला. त्यांनीच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी मागे वळतेय," आणि त्यांच्या तोंडून निघालं, "का?" मग क्षणभर दोघंही गप्प. मग ते म्हणाले, "बरं. कुठे थांबतेस?" ती रात्री साडेनऊपर्यंत वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसली होती, आणि बाबा दर तासाला फोन करत होते, पाण्याबद्दल एक शब्दही न विचारता.

आई पावसात त्या गाडीत अजून बसलेल्या नाहीत. आमची सत्रं चालू आहेत, मला घाई नाही. गेल्या आठवड्यात, कडक ऊन असताना, त्या पहिल्यांदा मागच्या सीटवर बसल्या. मुलगी सांगत होती, घरापासून कॉलेजपर्यंत आईचं बोट काचेच्या बटणावर होतं. खाली, वर. खाली, वर. आणि ती काही न बोलता गाडी चालवत राहिली.