पारख करणं म्हणजे अविश्वास नव्हे

प्रश्न : एका प्रार्थनासभेत पाहुण्या उपदेशकांनी माझ्या मुलाबद्दल सांगितलं, “दोन वर्षांत परदेशी नोकरी, प्रभू म्हणतो.” मग ‘विश्वासाचं बीज’ म्हणून वीस हजार मागितले. मुलाने रेल्वे भरतीचा अभ्यास सोडला आहे. शंका घेतली तर पाप लागेल का?
– एक आई, मेकोसाबाग, नागपूर

उत्तर : ताई, पाप मुळीच नाही. संदेश तुच्छ मानू नका, पण पारखून घ्या, असं प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात एका दमात लिहितो. करिंथच्या मंडळीत तर एकाने बोलावं आणि इतरांनी तोलावं, अशी रीतच त्याने घालून दिली.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २८वा अध्याय मुलासोबत वाचा. बाबेलच्या राजाचं जू, म्हणजे त्याची सत्ता, मोडेल असं सांगताना हनन्या नावाच्या संदेष्ट्यानेही दोन वर्षांचीच मुदत दिली होती, तीही परमेश्वराच्या नावाने, भर मंदिरात. यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणाला. तसं व्हावं असं त्यालाही वाटत होतं! पण बाबेलचं जू हटलं नाही, हनन्या मात्र त्याच वर्षी मेला.

पैशांचं तर अगदी स्पष्ट आहे. ‘डिडाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती लिखाणात, आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणारा खोटा संदेष्टा ठरवला आहे. वीस हजार देऊ नका. दिले असतील तर पाळकांना सोबत घेऊन परत मागा.

सदरला आमच्या चर्चमध्ये मी बावीस वर्षं बायबलवर्ग घेतो. अशाच शब्दावर शिक्षण सोडलेली दोन मुलं मी पाहिली, म्हणून कळकळीने सांगतो : भरतीची पुस्तकं आजच पुन्हा टेबलावर ठेवा. नोकरी खरंच देवाकडून असेल, तर अभ्यासाने ती अडणार नाही.