विहिरीत पोहायला शिकलेल्या मराठवाड्यातल्या माणसाने अंदमानला अंडरवॉटर फोटोग्राफीच्या वर्कशॉपला जावं का? कॅमेरा कोणता घ्यावा?

जा. कॅमेऱ्याचं नंतर बघू.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही केजचे, लग्नाचे फोटो काढता, आणि ‘तिथल्या लोकांत आपलं हसं तर होणार नाही ना’ अशी धास्ती आहे. ते वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. मी लातूरचा. माझाही स्टुडिओ आहे, मीही विहिरीतच पोहायला शिकलो, आणि हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, एका रिसॉर्टवर असलं वर्कशॉप करून आलोय.

पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेला पोरगा पाण्याला भीत नाही. तळाचा मूठभर गाळ वर आणून दाखवल्याशिवाय आपल्याकडं कुणी बुडी मानत नाही. ती धिटाई समुद्रात फार कामाला येते. एक सवय मात्र मोडावी लागते. विहिरीत आपण दम कोंडून बुडी मारतो, आणि स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन मारायच्या बुडीत, दम कधीच कोंडायचा नाही, हा पहिला नियम. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथं घेतलेला श्वास कोंडून वर आलात तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. दुसरं म्हणजे हात मारायचे नाहीत. श्वास घेतला की जरासं वर, सोडला की जरासं खाली, एवढ्यावरच पाण्यात अधांतरी थांबता आलं पाहिजे. तिकडं याला ब्युऑयन्सी म्हणतात. ही जमल्याशिवाय हातात कॅमेरा घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. का ते सांगतो.

आमच्या गटात मोठ्या शहरातले एक गृहस्थ होते. कॅमेरा, हाउसिंग (कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी पेटी), दोन स्ट्रोब (पाण्यातले फ्लॅश), सगळं माझ्या अख्ख्या स्टुडिओपेक्षा महाग. त्यांना क्लाउनफिश टिपायचा होता. हा मासा अॅनिमोनच्या, म्हणजे तळाला चिकटलेल्या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या, विषारी लवलवत्या बोटांत घर करून राहतो, आणि त्या अॅनिमोनच्या भोवती फांद्यांचं प्रवाळ होतं. यांना अधांतरी थांबता येईना. मग त्यांनी दोन्ही गुडघे प्रवाळावर टेकले, डावा हात शेजारच्या गोल प्रवाळावर रोवला आणि निवांत फोटो काढत बसले. फांद्या मोडलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून टॉर्च हलवून खूण केली. त्यांनी हातानंच ‘बाजूला हो’ म्हणून सांगितलं.

संध्याकाळी सगळ्यांचे फोटो पडद्यावर दाखवायचे असायचे. यांचा फोटो आला, शिकवणाऱ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मी उठून म्हणालो, हा फोटो प्रवाळावर गुडघे टेकून काढलाय, हा दाखवायला नको होता. गृहस्थ म्हणाले, “तुम्ही लातूरचे ना? तुमच्याकडं पाणी रेल्वेनं येतं, आणि तुम्ही आम्हाला पाण्यात कसं वागायचं ते शिकवणार?” लोक हसले. शिकवणारे ‘चला, पुढचा फोटो’ म्हणाले.

माझं पुढचं बोलणं तिथं कुणी ऐकून घेतलं नाही. ते इथं लिहितो.

होय, एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या दुष्काळाच्या मागं जो एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापणं, होता, त्याच्याच उष्णतेनं त्या साली लक्षद्वीपपासून मालदीवपर्यंतची प्रवाळं पांढरी पडली. प्रवाळ हा जीव आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त दिवस तापून राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि उपाशी पडतं. 1998 ला हे झालं, 2010 ला झालं, 2016 ला झालं. जो जीव आधीच इतका सोसतोय, त्याच्यावर माणसानं गुडघे टेकायचे? ज्या गोल प्रवाळावर त्यांनी हात रोवला, तसलं प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं. कायद्यानंही प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीला. टँकरच्या रांगेत ज्यानं घागर धरलीय त्याला पाण्यातल्या गोष्टीची किंमत जास्तच कळते. त्यामुळं हसं होईल ही भीती डोक्यातून काढून टाका. हसणाऱ्यांपेक्षा तुमचा अधिकार काकणभर जास्तच आहे.

आता कॅमेरा. महागडी हाउसिंग घेऊ नका. ती एकाच मॉडेलच्या मापाची असते, कॅमेरा बदलला की वाया. पूर्वी ऑलिंपसच्या नावानं आणि आता ओएम सिस्टम या नावानं मिळणाऱ्या टीजी मालिकेतला छोटा कॅमेरा सुरुवातीला पुरतो. तो नुसताच 15 मीटरपर्यंत चालतो, पण ओपन वॉटर कोर्सनंतर (स्कूबाचा पहिला कोर्स) तुम्ही 18 मीटरपर्यंत जाणार, म्हणून त्याचीही हाउसिंग लागेलच. हाउसिंग बंद करण्याआधी ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, केस किंवा वाळूचा कण नाही ना, ते उजेडात धरून बघायचं.

फ्लॅशचं तुम्हाला सांगायला नको, पण पाण्यात थोडं उलटं आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. दहा मीटरवर कुंकू काळपट दिसेल. तो रंग परत आणायचा तर उजेड सोबत न्यावा लागतो. पण स्ट्रोब लेन्सच्या अगदी जवळून मारला तर मधला गाळ चमकतो आणि फोटोभर पांढरे ठिपके उठतात. स्ट्रोब दोन्हीकडं लांब आणि जरा मागं ठेवा, आणि विषयाच्या हातभर अंतरावर जा. झूमनं काम होत नाही, मधलं पाणीच फोटो मारतं. आणि इतक्या जवळ प्रवाळाला न लागता थांबायचं म्हणजे पुन्हा ब्युऑयन्सीच.

म्हणून आधी कॅमेऱ्याशिवाय ओपन वॉटर कोर्स करा. तारकर्लीलाही स्कूबाची सोय आहे आणि आपल्याला ती जवळ पडते. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, पण शिकायला चालतं. मग वर्कशॉप. पैसे भरण्याआधी फोनवर एवढं विचारा, की प्रवाळाला हात लावून काढलेला फोटो तुम्ही संध्याकाळी पडद्यावर दाखवता का? उत्तर द्यायला अडखळले तर दुसरं रिसॉर्ट बघा.

दमा असेल, कानाचं किंवा सायनसचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी वरच लिहायला हवं होतं. पावसाळ्यात जाऊ नका. आणि परतीचं तिकीट काढताना शेवटची डाइव्ह आणि विमान यांत निदान 18 तास ठेवा. जमलं तर पूर्ण दिवसच मोकळा ठेवा.