भावासाठी मेंदूने चालणारी व्हीलचेअर: तो हेडसेट मागवू का?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: भाऊ 29 वर्षांचा, स्कूटरच्या अपघातात मानेला मार, रिपोर्टवर सी-4 (म्हणजे मानेच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा) लिहिलंय, हात हलत नाहीत, घर पेडण्याकडे. मेंदूच्या लहरींवर चालणाऱ्या खुर्चीचा व्हिडिओ पाहून तुम्ही ऑनलाइन हेडसेट मागवायच्या बेतात आहात.

मागवू नका. निदान हे वाचेपर्यंत थांबा.

मी फोंड्याला डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलांनी नेमका हाच प्रोजेक्ट केला. कपाळाला टेकणारा एकच सेन्सर, कानाला क्लिप, जुन्या खुर्चीला दोन मोटारी. खुर्ची चालली, परीक्षक खूश. मला मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला बसवून म्हटलं, "आता डोळे न मिचकावता चालव." खुर्ची जागची हलली नाही! मेंदूच्या लहरी डोक्याच्या कातडीपर्यंत पोचतात तेव्हा जेमतेम 10 ते 100 मायक्रोव्होल्टच्या उरतात, पापणी मिटली की कपाळावर त्याहून कितीतरी मोठा झटका उमटतो. आमची खुर्ची पापणीवर चालत होती, नाव मेंदूचं. स्वस्त हेडसेटचे बरेच व्हिडिओ याच जातीचे असतात.

खरी पद्धत वेगळी. उजवा हात हलवतोय अशी नुसती कल्पना केली की मेंदूच्या डाव्या बाजूला, हालचालीच्या भागावरची 8 ते 12 हर्ट्झची लहर क्षीण होते. डाव्या हाताची केली की उजवीकडची. संगणक हा फरक हेरतो आणि खुर्ची वळते. म्हणजे 'स्वयंपाकघरात ने' असा विचार वाचणारं यंत्र हे नव्हे. या पद्धतीला डोकंभर इलेक्ट्रोडची (लहरी टिपणाऱ्या चकत्यांची) टोपी लागते, प्रत्येकाखाली जेल, आणि केस धुतलेले. खोबरेल लावलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही, मे महिन्यातल्या घामाने सिग्नल तरंगत राहतो, वर घरच्या वायरिंगची 50 हर्ट्झची घरघर. आणि सुमारे 15 ते 30 टक्के लोकांना सराव करूनही हे पुरेसं जमत नाही, यात त्यांचा काही दोष नसतो.

आता हिशोब बघा. दहातली आठ वळणं बरोबर ओळखली तर प्रयोगशाळेत तो बरा निकाल. पण खोलीतून बाहेर यायला सलग तीन वळणं लागत असतील, तर तिन्ही बरोबर येण्याची शक्यता निम्म्याच्या जरा वर. त्याहून अवघड म्हणजे 'काही करायचं नाही' हे खुर्चीला कसं कळवायचं? माणूस सोप्यावर बसून पाऊस बघतोय, तेवढ्यात संगणकाला वाटतं की यांना डावीकडे जायचंय.

हे होतच नाही असं नाही. टेक्सास विद्यापीठातल्या होजे मिलान यांच्या गटाने 2022 मध्ये हातपाय लुळे पडलेल्या तीन जणांचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही महिन्यांच्या सरावानंतर ज्यांना हे चांगलं जमू लागलं, त्यांनी अडथळ्यांच्या खोलीतून खुर्ची नेली. पण त्या खुर्चीला स्वतःचे सेन्सर होते, अडथळा चुकवण्याचं निम्मं काम तीच करत होती. कवटीच्या आत इलेक्ट्रोड बसवले की सिग्नल पुष्कळ स्वच्छ मिळतो. ब्रेनगेट या अमेरिकी संशोधन प्रकल्पाच्या 2012 मधल्या शोधनिबंधातल्या, हातपाय लुळे पडलेल्या बाईंनी रोबोचा हात मनाने हलवून कॉफी प्यायली, आणि इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने जानेवारी 2024 मध्ये पहिल्या माणसाला 1024 इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं. त्याच्या काही तारा पुढे मेंदूतून सरकल्या. या चाचण्या आहेत, दुकानात मिळणारी वस्तू नव्हे.

मेंदूचा दरवाजा ठोठावावा तो बाकीचे सगळे बंद झाल्यावर. सी-4 मध्ये मान, हनुवटी, ओठ, गाल, डोळे आणि बहुतेक वेळा खांदे उडवणंही शाबूत असतं. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग शेवटची काही वर्षं संगणक चालवायचे ते गालाच्या एका स्नायूवर. माझ्या मेहुण्याला अशीच मानेची इजा आहे, तो हनुवटीच्या जॉयस्टिकवर खुर्ची चालवतो. तीन दिवसांत शिकला. हनुवटी लवकर थकत असेल तर नळीत फुंकून आणि ओढून चालणारा स्विच असतो. फोनसाठी सध्या काही विकत घेऊ नका: अँड्रॉइडमध्ये चेहऱ्याच्या हालचालीने चालणारे स्विच आहेत, नव्या आयफोनमध्ये नजरेने चालवायची सोय आहे. आज संध्याकाळीच करून बघता येईल.

मेहुण्याला खरा त्रास दिला तो उंबरठ्याने. खुर्ची आली, आणि घराला चिऱ्याच्या तीन पायऱ्या! रॅम्पचा उतार एकास बारा धरतात, म्हणजे सहा इंच चढायला सहा फूट लांबी. आमचं अर्धं अंगण त्यात गेलं, तुळस हलवावी लागली, सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत.

पणजीत 2023 पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो. पुढचा भरेल तेव्हा भावालाच घेऊन जा आणि त्याच्या हनुवटीला काय जमतं ते त्यालाच ठरवू दे. तोवर गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) थेरपिस्टला मान किती वळते ते मोजायला सांगा, आणि घरी न्हाणीच्या दाराची रुंदी मोजा. मोटारीच्या खुर्च्या साधारण 25 इंच रुंद असतात. दोन्ही मापं इथेच खाली लिहा, मग कुठली खुर्ची बसेल ते बघू.