जंगलातच काम करायचंय, काय शिकू?

प्रश्न: ताई, मी किनवट तालुक्यातला, आम्ही कोलाम. यंदा बारावी सायन्स झाली. घरचे म्हणतेत पोलीस भरतीची तयारी कर. मी लहानपणापासून आजोबासंगं मोह वेचायला, चारोळीला जातो, मला जंगलाचंच काम करायचंय. पण ह्यात करिअर कुठं असतंय का म्हणतेत सगळे. काय करू?

उत्तर: असतं रे, नक्की असतं. आधी नोकरीचं सांगते. वनरक्षक भरतीला बारावी सायन्स चालते आणि मुलांना 5 किलोमीटर पळावं लागतं, म्हणजे पोलीस भरतीची तयारी वाया जात नाही, घरच्यांना हे सांग. शिकायचं असेल तर 4 वर्षांची बीएस्सी फॉरेस्ट्री आहे, दापोलीला आणि अकोल्याला, तुला अकोला जवळ. पुढं एमपीएससीतून आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, होता येतं.

पण मला मनापासून वाटतं ते वेगळंच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा, वाढवायचा हक्क ग्रामसभेला दिलाय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये तो मिळाला, सुमारे 1,800 हेक्टरवर, आणि बांबू ग्रामसभाच विकायला लागली. असा हक्क आला की जीपीएस घेऊन हद्द फिरणारा, झाडं मोजणारा, जंगल कसं राखायचं त्याचा आराखडा लिहिणारा, विक्रीचा हिशोब ठेवणारा माणूस लागतो आणि तो गावातलाच पाहिजे, नाहीतर बाहेरचा कुणीतरी येऊन आराखड्यात नुसता साग लिहून जातो. ह्यात दर महिन्याला पगार येईलच असं नाही, म्हणून डिग्री सोडू नकोस.

आणि आजोबांना सोडू नकोस. मार्च-एप्रिलमध्ये फुलं नीट दिसावीत म्हणून बरेच जण मोहाखालचा पाला पेटवतात, तीच आग पुढं वणवा होते, चारोळीची तर घाईत फांदीच तोडतात, मग पुढच्या वर्षी काय वेचणार? आजोबा पाला झाडून घेतात का, कुठल्या झाडाचं फळ पिकेपर्यंत थांबतात, वहीत लिहायला लाग, झाडाच्या जागेसकट.

गावाचा जंगलावरचा सामूहिक दावा झालाय का ते ग्रामसभेच्या वनहक्क समितीत विचार. नसेल तर ही वही कामाला येईल, कारण ह्या कायद्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलं की तोही पुरावा धरतात. आजोबांचं म्हणणं ह्याच पावसाळ्यात लिहून घे.