‘हिज्बुल बहर’ ही संरक्षणाची प्रार्थना कुराणाचाच भाग आहे का?

नाही. ही प्रार्थना शाजिली सूफी परंपरेचे प्रवर्तक अबुल हसन अश-शाजिली (निधन १२५८) यांची असून तिचा संबंध तांबड्या समुद्रातील प्रवासाशी जोडला जातो. कुराणातील आयती (वचने) आणि ‘काफ-हा-या-ऐन-साद’ यांसारखी सुरांच्या (कुराणातील अध्यायांच्या) आरंभीची अक्षरे तिच्यात याचनेच्या ओघात गुंफलेली आहेत, म्हणूनच हा गैरसमज होत असावा. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूताने आपल्या प्रवासवर्णनात तिचा पाठही नोंदवला आहे. शाजिली अनुयायी ती बहुधा असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजानंतर म्हणतात. मात्र हे पठण ऐच्छिक आहे. संरक्षणासाठी खुद्द कुराणातील आयतुल कुर्सी (२:२५५) आणि ११३ व ११४ क्रमांकाच्या सुरा यांचे स्थान अर्थातच वरचे आहे, आणि रक्षणकर्ता शब्द नसून अल्लाह आहे, अशीच सूफींचीही धारणा असल्यामुळे या प्रार्थनेला जादूचा मंत्र समजणे मला चुकीचे वाटते.